झिल्बरमानचे ऑर्गन आणि पियानो: नवं थोडं, काम पक्कं

खर्ज

जर्मन संगीतकार बाखच्या धाग्यावर त्याच्या काळातला ऑर्गन बांधणारा झिल्बरमान याच्यावरून बरंच विषयांतर झालं, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. तिथे दोन विधानं पुन्हा पुन्हा आली: 'झिल्बरमानने पियानो शोधला' आणि 'झिल्बरमान मोठा संशोधक होता'. पहिलं सपशेल चूक. पियानो फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीचा. दुसरंही मला पटत नाही. झिल्बरमानने थोडेच आराखडे पक्के केले आणि चाळीसहून जास्त वर्षं तेच आराखडे, प्रत्येक वेळी तितक्याच निगुतीने, बांधून दिले. त्याचं मोठेपण मला यात दिसतं.

थोडक्यात चरित्र. गॉटफ्रीड झिल्बरमान, जन्म 14 जानेवारी 1683, सॅक्सनीतल्या फ्राउएनश्टाइनजवळचं क्लाइनबोब्रिच हे खेडं. वडील सुतार. थोरला भाऊ आंद्रेआस आधीच स्ट्रासबुर्गला जाऊन ऑर्गन बांधायला लागला होता. गॉटफ्रीड 1702 च्या सुमारास त्याच्याकडे गेला आणि तिथेच शिकला. स्ट्रासबुर्ग तेव्हा फ्रेंच राजवटीत होतं, आणि आंद्रेआस स्वतः पॅरिसला तिएरीच्या कारखान्यात काम करून आलेला. त्यामुळे गॉटफ्रीडच्या हातात जर्मन आणि फ्रेंच दोन्ही पद्धती आल्या. 1710 मध्ये तो सॅक्सनीत परतला, 1711 मध्ये फ्राउएनश्टाइनच्या चर्चला पहिला ऑर्गन दिला आणि त्याच सुमारास फ्रायबेर्गच्या कॅथेड्रलचं काम मिळवलं. लाइपझिगचा संगीतकार योहान कुनाऊ त्याच्या बाजूने उभा राहिला होता. तीन मॅन्युअल, 44 स्टॉप, अडीच हजारांहून जास्त नळ्या. 20 ऑगस्ट 1714 रोजी त्याचं उद्घाटन झालं तेव्हा बांधणारा 31 वर्षांचा होता. तो ऑर्गन आजही वाजतो.

पुढे कारखाना फ्रायबेर्गमध्येच राहिला. सुमारे 50 ऑर्गन झाले, त्यातले तिसेक आज शिल्लक आहेत, आणि बहुतेक सगळे सॅक्सनी आणि लगतच्या भागात. 1723 मध्ये राजदरबाराचा ऑर्गनकार ही पदवी मिळाली. लग्न केलं नाही. ड्रेस्डेनच्या दरबारी चर्चचा ऑर्गन अर्धवट असतानाच 4 ऑगस्ट 1753 रोजी ड्रेस्डेनमध्ये वारला.

एक खुलासा आधीच करतो. आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. तो रीडचा, म्हणजे पेटीच्याच कुळातला. इथला विषय नळ्यांचा ऑर्गन आहे.

मृदुला_क

धाग्याबद्दल आभार. 'थोडेच आराखडे' म्हणजे नेमकं काय? आणि स्टॉप, मॅन्युअल हे सगळं एकदा सरळ सांगाल का? पेटी वाजवणाऱ्याला समजेल असं.

लाकूडकाम

मी सांगतो.

मॅन्युअल म्हणजे हातांच्या पट्ट्यांची एक ओळ. झिल्बरमानकडे एक, दोन किंवा तीन ओळी असतात, एकीवर एक चढलेल्या. खाली पायांनी वाजवायच्या पट्ट्या, ते पेडल. प्रत्येक ओळीचा स्वतःचा नळ्यांचा ताफा असतो: मुख्य तो हाउप्टवेर्क, वरचा ओबरवेर्क, वादकाच्या छातीसमोरचा ब्रुस्टवेर्क. एकाच घाटाच्या नळ्यांची एक पूर्ण रांग, म्हणजे प्रत्येक पट्टीला एक नळी, हा एक स्टॉप. 8 फुटी म्हणजे पट्टीवर लिहिलेलाच स्वर. 4 फुटी एक सप्तक वर, 16 फुटी एक सप्तक खाली. सर्वांत खालच्या पट्टीची उघडी नळी अंदाजे 2.4 मीटर लांब असते, त्यावरून '8 फुटी' हे नाव. नळीचं वरचं टोक बंद केलं की निम्म्या लांबीत तोच स्वर मिळतो, म्हणून जागा आणि धातू वाचवायचा तर बंद नळ्या.

आतली रचना अशी. लाकडी पेटीत दाबाची हवा भरलेली असते. पेटीच्या वर प्रत्येक पट्टीसाठी एक अरुंद कप्पा, आणि त्या कप्प्यावर त्या स्वराच्या सगळ्या स्टॉपच्या नळ्या ओळीने उभ्या. पट्टी दाबली की पातळ लाकडी काड्यांमार्फत कप्प्याखालची झडप खेचली जाते आणि कप्प्यात हवा शिरते. पण नळीपर्यंत हवा पोचायला मधली सरकपट्टीही उघडी हवी. ही भोकं पाडलेली लांब पट्टी प्रत्येक स्टॉपला एक असते. वादक खुंटी ओढतो तेव्हा हीच सरकते आणि भोकावर भोक येतं. विजेचं काही नाही. बोटाला झडपेचा प्रतिकार थेट लागतो.

आता आराखडे. खेड्यातल्या चर्चला एक मॅन्युअलचा लहान ऑर्गन, किंवा दोन मॅन्युअलचा 20-21 स्टॉपचा. फ्रायबेर्गचं याकोबी (1717), फोर्खहाइम (1726), राइनहार्ट्सग्रिमा (1731), ग्रोसहार्टमान्सडोर्फ (1741), फ्राउरॉइट (1742) हे सगळे याच दुसऱ्या घरातले. यादी लावून पाहिलीत तर दोन-तीन स्टॉपचाच फरक दिसेल. हाउप्टवेर्कवर प्रिन्सिपाल 8, रोरफ्लोट 8, ऑक्टाव्ह 4, क्विंट 3, ऑक्टाव्ह 2, मिक्स्चर, कॉर्नेट. वरच्या ओळीवर गेडाक्ट 8, रोरफ्लोट 4, नासाट 3, ऑक्टाव्ह 2, क्विंट दीड, सिफ्लोट 1, झिम्बेल. पेडलला फक्त 16 फुटी दोन-तीन स्टॉप, बाकी वरून जोडून घ्यायचं.

एका घाटाचं काम वारंवार केलं की साचे, दांडे, मापाच्या पट्ट्या तयार राहतात, कामगारांचे हात बसतात आणि मालक स्वतः शेवटच्या टप्प्याला, म्हणजे नळ्या बोलत्या करायला, वेळ देऊ शकतो. ऑर्गनचा आवाज त्या टप्प्यात ठरतो.

एल्बकाठी

वरच्या यादीत भर. दोन मॅन्युअल जोडायची त्याची पद्धत फ्रेंच वळणाची आहे: एक अख्खी ओळ हाताने धरून पुढे-मागे सरकवायची. वाजवताना हे करता येत नाही, त्यामुळे रचनेच्या मधोमध जोडणी बदलायची असेल तर थांबावं लागतं. आजच्या वादकांची या ऑर्गनबद्दलची पहिली तक्रार हीच असते. दुसरी तक्रार पट्ट्यांची: सर्वांत खालच्या C च्या शेजारची C-शार्प पट्टी बहुतेक ठिकाणी नाहीच. हात C ते तार c, चार सप्तकं. पाय C ते मधला c. खालच्या C-शार्पच्या नळ्या सर्वांत मोठ्या नळ्यांपैकी, आणि त्या काळच्या ट्यूनिंगमध्ये तो स्वर फारसा कामाचाही नव्हता. म्हणून गाळला.

मृदुला_क

'नळी बोलती करणं' यात नेमकं काय करतात? आणि नळी बनते कशी?

लाकूडकाम

कथील आणि शिसं एकत्र वितळवून लांब टेबलावर पत्रा ओततात. समोर दिसणाऱ्या नळ्यांना कथील जास्त, ते चकाकतं आणि ताठ राहतं. आतल्या, विशेषतः बासरीसारख्या गोल आवाजाच्या नळ्यांना शिसं जास्त. पत्रा थंड झाला की रंध्याने जाडी काढतात, वरच्या टोकाला पातळ, पायाकडे जाड, म्हणजे उभी नळी स्वतःच्या वजनाने बसत नाही. मग लाकडी दांड्यावर गुंडाळून सांधा डाख देऊन जोडतात. डाख पसरू नये म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना आधी सरस आणि खडूचा लेप देतात आणि फक्त कडा खरवडून उघडी करतात. लेप नीट सुकला नाही तर उष्णतेने फुटतो, आणि डाख नको तिथे धावतो.

पाय आणि धड यांच्यामध्ये एक आडवी चकती बसवतात. तिची पुढची कड आणि खालचा ओठ यांच्यात केसभर फट राहते. त्या फटीतून हवेचं पातळ पान वर जातं आणि वरच्या ओठावर आदळून आत-बाहेर झुलतं. आवाज तिथे तयार होतो. तोंडाची रुंदी साधारण परिघाचा चौथा भाग, तोंडाची उंची त्या रुंदीचा चौथा भाग, इथून सुरुवात करतात.

बोलती करताना बदलायच्या गोष्टी मोजक्या आहेत: पायाचं भोक, फट, चकतीची उंची, वरच्या ओठाची उंची. भोक लहान केलं की आवाज दबतो. चकती फार खाली असेल तर हवेचं पान आत झुकतं, फार वर असेल तर बाहेर पडतं. एका बाजूला गेलं की नळी उशिरा बोलते, दुसऱ्या बाजूला गेलं की एकदम वरच्या सप्तकात उडी मारते. हे दोन्ही दोष पातळ सळीने चकतीला वरून किंवा खालून हलकं ठोकून निघतात. ओठाचं मात्र तसं नाही. वरचा ओठ जास्त कापला की आवाज गोल आणि बोथट होतो, आणि कापलेला धातू परत येत नाही. म्हणून ओठ नेहमी थोडा कमी कापून ठेवायचा, आणि चर्चमध्ये, जागेवर, ऐकून शेवटची कापणी करायची. कारखान्यात छान वाटलेली नळी दगडी कमानीखाली वेगळीच ऐकू येते.

19 व्या शतकात अनेक जुन्या ऑर्गनच्या चकत्यांवर खोल खाचा पाडून सुरुवातीचा 'च्' असा उच्चार मारला गेला. हेही परत न येणारं नुकसान. झिल्बरमानच्या नळ्या इतक्या संख्येने या दुरुस्त्यांतून वाचल्या, म्हणून आज त्यांना एवढी किंमत आहे.

तंबोरी

रीडच्या नळ्यांचं राहिलं. पोझाउने 16, ट्रोम्पेटे 8, फोक्स हुमाना या नळ्यांत पितळी जीभ असते, पण पेटीसारखी नव्हे. पेटीची जीभ चौकटीतून आरपार मोकळी जाते. ऑर्गनमधली जीभ पितळी पन्हळीच्या काठावर आपटते. त्यामुळे आवाज कडक, धातूचा. स्वर लावायला एक वाकडी तार असते, ती जिभेवर वर-खाली सरकवून कंपणारी लांबी बदलतात.

इथे एक व्यवहारी अडचण येते. तापमान 1 अंशाने वाढलं की साध्या नळ्यांचा स्वर सुमारे 3 सेंट चढतो (आजच्या पेटीत शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर 100 सेंट), कारण हवेतल्या आवाजाचा वेग वाढतो. जीभ पितळेची, तिचा स्वर त्या मानाने फार कमी हलतो. हिवाळ्यात 8 अंशांवर लावलेला ऑर्गन उन्हाळ्यात 20 अंशांवर वाजवला तर साध्या नळ्या 35-36 सेंट वर गेलेल्या असतात आणि रीडच्या मागे राहतात. म्हणून कार्यक्रमाच्या आधी फक्त रीडचे स्टॉप लावून घेतात, बाकी हजारो नळ्यांना हात लावत नाहीत.

श्रुतिभेद

माझ्या मते झिल्बरमानबद्दलचा सर्वांत रंगतदार वाद त्याच्या ट्यूनिंगचा आहे, आणि आपल्या लोकांना तो पाश्चात्त्य वाचकांपेक्षा लवकर कळेल.

त्याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत अशी. सा-पची 11 अंतरं शुद्धपेक्षा एक षष्ठांश कॉमाने, म्हणजे सुमारे 3.9 सेंटने आवळायची. बारा शुद्ध पंचम एकावर एक रचले की सात सप्तकांपेक्षा जेवढे जास्त भरतात तो कॉमा, 23.46 सेंट. 11 अंतरांत आपण 43 सेंट आवळले, गरज होती 23.46 ची. वरचे साडेएकोणीस सेंट बारावं अंतर पोटात घेतं, ते G-शार्प ते E-फ्लॅट. तिथला पंचम 721.5 सेंटचा होतो आणि उघड ओरडतो.

बदल्यात काय मिळतं? C पासूनचा गंधार 392 सेंट. शुद्ध गंधार 386, आजच्या पेटीतला 400. मध्य सप्तकात शुद्धपासूनचा फरक सेकंदाला साधारण 5 ठोक्यांसारखा ऐकू येतो; समान विभागणीत, म्हणजे आजच्या पेटीत, तेच ठोके 11. पण B, F-शार्प, C-शार्प आणि A-फ्लॅट वरचे गंधार 415.6 सेंटचे, म्हणजे शुद्धपेक्षा 29 सेंट चढे. तिथे वस्ती करायची नाही.

गेओर्ग आंद्रेआस झोर्गे या ऑर्गनिस्टने 1748 मध्ये छापील टीका केली की ही पद्धत नव्या संगीताला चालणार नाही. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. बाखचं संगीत त्या चारही पट्ट्यांत बिनदिक्कत जातं.

खर्ज

मग झिल्बरमान हट्टाने तिथेच का थांबला? निव्वळ जुनाटपणा म्हणायचा का?

श्रुतिभेद

नाही, आणि उत्तर लाकूडकाम यांनी दिलेल्या स्टॉपच्या यादीतच आहे. 8 फुटी नळी सा धरा. क्विंट 3 म्हणजे वरच्या सप्तकातला प. क्विंट दीड म्हणजे त्याहून एक सप्तक वरचा प. टेर्झ म्हणजे दोन सप्तकं वरचा ग. कॉर्नेट हा एकच स्टॉप ओढला तर एका पट्टीवर सा, वरचा सा, वरचा प, त्यावरचा सा आणि त्यावरचा ग अशा पाच नळ्या एकदम वाजतात. ऐकणाऱ्याला हे पाच स्वर वेगळे ऐकू येत नाहीत, एकच भरदार, किंचित अनुनासिक आवाज येतो. त्यासाठी नळ्यांमधले प आणि ग एकमेकांशी अगदी शुद्ध लावावेच लागतात, ग 386 सेंटवर.

आता हा स्टॉप ओढून C आणि E एकत्र वाजवा. C च्या नळ्यांतला ग शुद्ध आहे, आणि E पट्टीवरचा स्वर ट्यूनिंगप्रमाणे. 392 असेल तर दोन्ही जवळपास मिळतात. 400 असेल तर 14 सेंटचा फरक, आणि तोही उंच सप्तकात, म्हणजे ठोके आणखी जलद. आवाज खरखरीत होतो. स्ट्रासबुर्गहून आणलेले फ्रेंच पद्धतीचे टेर्झ आणि कॉर्नेट झिल्बरमानच्या ऑर्गनचा जीव आहेत. त्याने ट्यूनिंग ठेवलं ते या नळ्यांसाठी. शिवाय त्याचं गिऱ्हाईक कोण? रविवारी सामूहिक भजनाला साथ देणारं गाव. ती गाणी दोन-तीन शार्प-फ्लॅटच्या आतच राहतात.

तंबोरी

हे वाचून गंधार-तंबोऱ्याचा स्वयंभू ग आठवला. तोच हिशेब. पेटीवर गंधार टोचतो अशी तक्रार करणाऱ्यांनी राइनहार्ट्सग्रिमाचं ध्वनिमुद्रण कानाला इयरफोन लावून ऐकावं.

एल्बकाठी

पट्टीचं, म्हणजे सगळं वाद्य किती उंच स्वरात लावायचं याचं पण लिहायला हवं. फ्रायबेर्ग कॅथेड्रलच्या ऑर्गनचा a सुमारे 476 हर्ट्झ आहे, आजच्या 440 पेक्षा 136 सेंट वर. याला चर्चची पट्टी म्हणत. वाद्यवृंदाची दरबारी पट्टी 415 च्या आसपास. दोन्हींत जवळजवळ एक पूर्ण स्वराचा फरक, म्हणून लाइपझिगमध्ये बाखच्या कँटाटांत (चर्चसाठीच्या गायन-वादनाच्या रचनांत) ऑर्गनिस्टसाठी एक स्वर खाली उतरवलेली वेगळी प्रत लिहिलेली सापडते. उंच पट्टीचा एक फायदा सरळ पैशाचा आहे: 415 ऐवजी 476 ला बांधलं की प्रत्येक नळी 13 टक्के आखूड. महागड्या कथिलात ती बचत मोठी. ड्रेस्डेनच्या दरबारी चर्चचा ऑर्गन मात्र 415 ला आहे, कारण तिथे दरबारचा वाद्यवृंद सोबत बसायचा आणि पैशाची चिंता नव्हती.

ड्रेस्डेनमध्ये त्याचे तीन मोठे ऑर्गन होते. सोफियेनकिर्शं (किर्शं म्हणजे चर्च; 1720, दोन मॅन्युअल, 31 स्टॉप): बाखने इथे 1725 आणि 1731 मध्ये वाजवलं, पुढे त्याचा मुलगा विल्हेल्म फ्रीडमान 1733 ते 1746 इथला ऑर्गनिस्ट. फ्राउएनकिर्शं (1736, तीन मॅन्युअल, 43 स्टॉप): 1 डिसेंबर 1736 रोजी बाखने दुपारी दोन ते चार वाजवलं. हे दोन्ही फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात गेले. तिसरा दरबारी चर्चचा, 47 स्टॉप, 1750 ला करार आणि 1755 ला पूर्ण. याच्या नळ्या आणि आतली यंत्रणा 1944 मध्ये काढून एका मठात हलवली होती. लाकडी सांगाडा जळाला, नळ्या वाचल्या, 1971 मध्ये पुन्हा उभारणी. चित्ताउचा मोठा ऑर्गन (1741) तर 16 वर्षंच टिकला, सप्तवार्षिक युद्धात 1757 मध्ये शहरासकट जळाला.

फ्राउएनकिर्शं पुन्हा बांधलं तेव्हा झिल्बरमानची हुबेहूब प्रतिकृती करावी की नवा ऑर्गन, यावर मोठं भांडण झालं. शेवटी स्ट्रासबुर्गच्या केर्न कंपनीने 2005 मध्ये बराच मोठा ऑर्गन बांधला, झिल्बरमानचे स्टॉप त्यात धरून. इमारत दगडादगडाने जुनी केली आणि तिच्यासाठी बांधलेलं वाद्य मात्र नवं, हे मला आजही पटत नाही.

मृदुला_क

वाचलेले ऑर्गन आज कशाने बिघडतात?

लाकूडकाम

मुख्यतः हीटिंगने. चर्च आठवडाभर थंड आणि रविवारी सकाळी एकदम तापवलं की हवा कोरडी पडते. कप्प्यांची लाकडी पेटी आकसते, फळीला भेग जाते आणि हवा शेजारच्या कप्प्यात झिरपते. मग एक पट्टी दाबली की शेजारचा स्वरही बारीक कण्हतो. उलट दमटपणात सरकपट्ट्या फुगून अडकतात, खुंटी ओढली जात नाही. कुणी जोर लावला तर तुटते. साधारण नियम असा: तापमान तासाला 1 ते दीड अंशापेक्षा जास्त चढवायचं नाही, आणि आर्द्रता 45 ते 70 टक्क्यांच्या दरम्यान ठेवायची.

दुसरं, बुरशी. तिसरं, शिशाचं गंजणं: ओकच्या लाकडातून बाहेर पडणारी आम्लाची वाफ शिसं जास्त असलेल्या नळ्यांच्या पायांना आतून खाते. बाहेरून नळी धड दिसते, पाय हातात घेतला की पांढरी भुकटी. नवी ओकची पेटी जुन्या नळ्यांखाली बसवताना हे लक्षात ठेवावं लागतं.

भात्याचं चामडं मात्र नियमितपणे बदलायचंच असतं. ती झीज आहे, त्यात कुणाचा दोष नाही.

खर्ज

आता पियानोकडे येतो. इथे कालक्रम महत्त्वाचा आहे.

क्रिस्तोफोरीच्या वाद्याबद्दल इटालियन लेखक शिपिओने माफेईने 1711 मध्ये आकृतीसह लेख छापला. त्याचं जर्मन भाषांतर ड्रेस्डेनचा दरबारी कवी क्योनिशने केलं, ते माटेझॉन या संगीतलेखकाच्या नियतकालिकात 1725 मध्ये आलं. झिल्बरमानचे पहिले पियानो 1730 च्या दशकात. म्हणून सर्रास लिहिलं जातं की त्याने लेख वाचून पियानो बांधला.

पण 1740 च्या दशकातले त्याचे जे पियानो आज आहेत, त्यांची यंत्रणा लेखातल्या आकृतीसारखी नाही. आकृतीत परत पडणारी हातोडी रेशमी दोऱ्यांच्या जाळीत झेलली जाते. झिल्बरमानकडे पट्टीच्या मागच्या टोकाला हातोडी पकडणारा स्वतंत्र ठोकळा आहे. तो क्रिस्तोफोरीने नंतर आणला. लाइपझिगच्या संग्रहालयातल्या 1726 च्या पियानोत तो आहे. खुंट्यांची फळीही त्याच पियानोसारखी उलटी: खुंट्या फळीतून आरपार आणि तारा खालच्या अंगाला, म्हणजे खालून बसणारा हातोडीचा मार तारेला टेकणावर आणखी घट्ट दाबतो. हातोडीचं डोकं कागदाची पोकळ गुंडाळी, वर चामडं. ठोकळा आणि हातोडीचं डोकं हे तपशील 1711 च्या लेखातून कळणं शक्य नाही. त्याच्यासमोर क्रिस्तोफोरीचा नंतरचा एखादा पियानो उघडा असणार.

तंबोरी

बाखने नावं ठेवली, तो भाग?

खर्ज

ती माहिती बाखचा शिष्य आग्रिकोलाकडून येते, आडलुंगच्या ऑर्गनवरच्या ग्रंथात 1768 मध्ये छापलेली. झिल्बरमानने आधी दोन पियानो केले. बाखने आवाजाची तारीफ केली, पण दोन दोष काढले: वरचे स्वर दुबळे, आणि पट्टी जड. झिल्बरमान बराच काळ रागावला, तरी विकणं थांबवून त्याच दोन दोषांवर काम करत राहिला. नंतरच्या वाद्याला बाखने पूर्ण पसंती दिली.

दोन्ही दोषांची कारणं यंत्रणेतच आहेत. पट्टी आणि हातोडी यांच्यामध्ये एक जादा तरफ आहे. बोट थोडं खाली जातं आणि हातोडी कितीतरी पट अंतर उडते, त्यामुळे सुरुवातीचं वजन बोटावर येतं. वरच्या स्वरांचं कारण वेळेचं. सुमारे 1000 हर्ट्झच्या उंच स्वराला एक कंपन पूर्ण व्हायला 1 मिलिसेकंदाच्या आसपास लागतो. चामडं जाड आणि मऊ असलं तर हातोडी तेवढाच वेळ तारेला चिकटून राहते आणि स्वतःच निर्माण केलेला आवाज मारते. म्हणून वर जाताना डोकं लहान, चामडं पातळ आणि कडक, आणि मार तारेच्या टोकाच्या जास्त जवळ.

लाकूडकाम

या यंत्रणेची जुळणी करणाऱ्यांसाठी: पट्टी अगदी सावकाश दाबायची. तारेपासून 2 ते 3 मि.मी. अंतरावर असताना हातोडी सुटून मागे पडली पाहिजे. उशिरा सुटली तर ती तारेला दाबून धरते आणि स्वर गुदमरतो. फार लवकर सुटली तर हळू वाजवताना स्वर लागतच नाही. पकडणारा ठोकळा लांब राहिला तर हातोडी उसळून दोनदा लागते, जवळ आला तर वर जातानाच घासते. चामडं जुनं होऊन कडक झालं की हे सगळं एकदम बिघडतं. म्हणून आधी चामडं तपासायचं, मग स्क्रू आणि कागदाच्या पट्ट्यांना हात लावायचा.

एल्बकाठी

प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने असे बरेच पियानो घेतले. '15 पियानो' हा आकडा फोर्केलच्या 1802 च्या बाखचरित्रातला; तो खात्रीने सांगू नये. खात्रीचं इतकंच की मे 1747 मध्ये बाख पोट्सडामला गेला, राजाने दिलेल्या विषयावर या पियानोवर उत्स्फूर्त फ्यूग (एकच विषय अनेक आवाजांत पाठोपाठ येणारी रचना) वाजवला, आणि त्यातून 'म्युझिकल ऑफरिंग' हा रचनासंग्रह झाला. आज पोट्सडामच्या राजवाड्यांत दोन आणि न्युरेनबेर्गच्या संग्रहालयात 1749 चा एक झिल्बरमान पियानो आहे. मे 1749 ची बाखच्या हातची पावतीही आहे: पोलंडच्या ब्रानित्स्की या सरदाराला विकलेल्या एका 'पियानो एट फोर्ते'चे 115 थालर (तेव्हाचं चांदीचं नाणं). पावतीतलं वाद्य झिल्बरमानचं असेल, तर शेवटी बाख हे पियानो विकायलाही मदत करत होता.

मृदुला_क

हिल्डेब्रांट प्रकरण कुणी सांगेल का? शिष्यावरच खटला भरला म्हणतात.

एल्बकाठी

हो. त्सखारियास हिल्डेब्रांट त्याचाच शिष्य. गुरूच्या मुलखात कामं घ्यायची नाहीत असा लेखी करार होता. हिल्डेब्रांटने घेतली, त्यातला श्ट्योर्मटाल गावचा ऑर्गन 2 नोव्हेंबर 1723 रोजी बाखने तपासून वाजवला. झिल्बरमानने दावा लावला आणि तडजोडीत हिल्डेब्रांटचे हात बरेच बांधले गेले. झिल्बरमान स्वतःच्या मक्तेदारीला फार जपायचा, यात शंका नाही. त्याने 1721 मध्ये केलेल्या दुप्पट लांब तारांच्या क्लाव्हिकॉर्डची (पियानोआधीच्या तारांच्या पट्टीवाद्याची) नक्कल झाली तेव्हाही तो राजाकडे गेला होता.

पण सप्टेंबर 1746 मध्ये हिल्डेब्रांटचा नाउम्बुर्गचा 53 स्टॉपचा ऑर्गन तपासायला बाख आणि झिल्बरमान दोघेही गेले, आणि दोघांनी तो पसंत केला. ड्रेस्डेनच्या शेवटच्या कामाला झिल्बरमानने हिल्डेब्रांटलाच सोबत घेतलं, आणि 1755 मध्ये ते पूर्ण केलं तेही त्यानेच.

श्रुतिभेद

पियानोबद्दल एक राहिलं. आज उजव्या पायाने जे करतो, म्हणजे तारांवरचे दाबक एकदम उचलणं, ती सोय झिल्बरमानच्या पियानोत आहे, पण हाताने. त्यासाठी वाजवणं क्षणभर थांबवून खटका ओढावा लागतो. म्हणजे वाक्य संपेपर्यंत दाबक वरच, आणि सगळे स्वर एकमेकांत मिसळत राहणार. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमानुएल फ्रेडरिकच्या दरबारी हेच पियानो वाजवायचा. त्याने 1762 च्या आपल्या ग्रंथात लिहिलंय की दाबक उचललेला पियानोचा आवाज सर्वांत सुखद, आणि उत्स्फूर्त वादनाला सर्वांत सोयीचा, मात्र गुंजनाची काळजी घेता आली पाहिजे. पोट्सडामच्या वाद्यांच्या प्रतिकृतींवरची ध्वनिमुद्रणं मिळतात. खटका ओढलेला तुकडा आणि न ओढलेला तुकडा पाठोपाठ ऐका, फरक लगेच कळेल.